त्रेसष्ट पिवळे आणि एक डोळा

आमच्या संशोधन संस्थेत वेळ मोजायचं एक माप होतं, ते बाहेर कुठे चालत नसे. त्याला 'एक टेबल' म्हणत. गोगलगायींवर संशोधन करणाऱ्या गोगलबाई सकाळी आल्या की संगणकावर आपली फाईल उघडायला लावायच्या आणि टेबलाच्या डाव्या कडेला एक गोगलगाय सोडायच्या. गोगलगाय उजव्या कडेला पोचली की फाईल उघडलेली असायची. कधी मागे नाही, कधी पुढे नाही. हळूहळू सगळी संस्था त्या मापावर आली. "अर्ध्या टेबलात येतो" म्हणून गेलेला माणूस अर्ध्या टेबलातच यायचा. नव्या संचालकांना आमची ही बोली तिसऱ्या वर्षी कळली, तोवर ते प्रत्येक बैठकीला एकटेच बसून असायचे.

मी त्या संस्थेत एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. काचेच्या नळीपासून झाडूपर्यंत सगळं माझ्या सहीने बाहेर पडे. मोजून द्यायची आणि मोजून घ्यायची सवय असलेला माणूस वाढवून सांगत नाही, एवढं लक्षात ठेवा.

गोगलबाईंचं काम गोगलगायींच्या झोपेवर होतं. हवा कोरडी पडली की गोगलगाय शंखाच्या तोंडावर पातळ पापुद्रा धरते आणि आत झोपते. महिनाभर झोपते, वर्षभर झोपते. एक तर चार वर्षं झोपली होती आणि उठल्यावर काहीच न झाल्यासारखी पान खायला लागली. आता अडचण अशी, की मेलेली गोगलगायही बाहेरून अगदी तशीच दिसते. फरक गोगलबाईंना कळायचा. त्या शंख तळहातावर घ्यायच्या, कानाला लावायच्या, थोडा वेळ भिंतीकडे बघायच्या आणि ठरवायच्या. मीही एकदा एक शंख कानाला लावून बघितला. मला काही ऐकू आलं नाही. उलट आतून तीच माझं ऐकतेय असं वाटलं.

त्यांची फाईल म्हणजे एकच कोष्टक. तीनशे गोगलगायी, प्रत्येकीची एक ओळ. अकरा वर्षं, प्रत्येक आठवड्याचा एक रकाना. प्रत्येक चौकटीत गोगलगायीचं वजन. आणि ती जागी आहे, झोपलीय की गेली, हे मात्र चौकटीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते चौकटीच्या रंगात होतं. जागी असेल तर पांढरा. बाकी सगळं पिवळं. त्यांचे गुरू, ज्यांना त्या 'सर' म्हणत, त्यांना सांगून गेले होते, की कोष्टकात आकडे असावेत, शब्द पत्रात लिहावेत. गुरू निवृत्त झाले, मग वारलेही, पण बाईंनी कोष्टकात शब्द येऊ दिला नाही.

संचालकांना बाईंची खोली हवी होती. तिथे मोठा फ्रीझर बसवायचा होता. त्यांनी रीतसर समिती नेमली आणि समितीने रीतसर पत्र धाडलं: शुक्रवारी आम्ही येऊ. तुमचं कोष्टक असं द्या, की ते दुसऱ्या कोणीही, दुसऱ्या संगणकावर उघडलं, तरी कोणती गोगलगाय किती दिवस झोपली याचं उत्तर तेच यावं. तसं आलं नाही, तर खोली रिकामी करावी आणि गोगलगायी मागच्या बागेत सोडाव्यात. फ्रीझर तर आधीच मागवलेला होता. मला ठाऊक होतं, कारण खोलीच्या दाराचं माप घ्यायला मलाच पाठवलं होतं. दार दोन बोटं कमी पडत होतं. मी माप बरोबर लिहून दिलं आणि येताना बाईंना सांगूनही आलो.

बाई म्हणाल्या, "माझी भाची आहे. ती हेच शिकवत हिंडते."

अशी ती भाची आली. सोमवार आणि मंगळवार, दोन दिवसांचा वर्ग: संशोधकांना संगणकाचं काम शिकवायचं. बारा जण असतील तरच वर्ग भरवायला परवानगी होती आणि नावं आली होती अकरा. म्हणून बारावा संशोधक मी.

बुधवारी सकाळी बाईंच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. पहिल्या, म्हणजे उजव्या डोळ्याचं महिन्यापूर्वीच झालं होतं. तेव्हापासून त्या कोष्टक भरताना उजवा डोळा मिटून घ्यायच्या. दुखतो का, असं विचारलं तर म्हणायच्या, "नाही हो. असंच बरं वाटतं."

सोमवारी वर्ग सुरू झाला. भाची उंच, केस मागे घट्ट बांधलेले, आवाज असा की मागच्या बाकावर झोप लागणार नाही. तिने आल्या आल्या माझ्याकडे चिकट चिठ्ठ्या मागितल्या. लाल आणि हिरव्या.

"काका, असं असतं," ती म्हणाली. "काम नीट चाललं असेल तर संगणकाला हिरवी चिठ्ठी लावायची. अडलं तर लाल. म्हणजे मला लांबून दिसतं, कोणाकडे जायचं ते."

"लाल नाहीत," मी म्हणालो. "हिरव्याही नाहीत. पिवळ्या आहेत."

"सगळ्या?"

"अर्ध्या गेल्या वर्षीच्या आहेत. त्यांचा रंग उन्हाने उडालाय."

तिने फळ्यावर लिहिलं: फिकी पिवळी, ठीक. गडद पिवळी, मदत हवी.

पहिला तास फाईलींना नावं कशी द्यावीत यावर गेला. गोगलबाईंच्या फाईलीचं नाव होतं 'गोगलगायी अंतिम नवीन अंतिम हीच खरी'. भाचीने विचारलं, "मावशी, आणि 'हीच खरी' नसलेली कुठे आहे?"

"ती पण खरीच आहे. ही जास्त खरी."

माझ्या शेजारी एक भौतिकवाला बसला होता, पंचविशीतला. तो प्रत्येक गोष्टीला "हे तर तीन ओळींत होईल" म्हणायचा आणि मग दुपारपर्यंत त्या तीन ओळी लिहीत बसायचा. त्याच्या संगणकाला सकाळपासून गडद चिठ्ठी होती, पण भाची जवळ आली की तो चिठ्ठीवर हात ठेवायचा.

दुसऱ्या तासाला भाचीने कोष्टकाचा विषय काढला आणि तिथे मावशी-भाचीचं जुंपलं.

"रंग म्हणजे माहिती नाही," भाची म्हणाली. "संगणकाला रंगाचा अर्थ कळत नाही. जे काही सांगायचं ते शब्दात, वेगळ्या रकान्यात लिहा. चौकटी रंगवू नका."

गोगलबाईंनी हात वर केला. "आणि तू आम्हाला चिठ्ठ्या लावायला सांगितल्यास, त्या काय सजावटीला?"

भाचीने फळ्याकडे बोट केलं. "कुठली चिठ्ठी म्हणजे काय, ते मी लिहिलंय वर. उद्या मी आले नाही तरी कोणालाही कळेल. तुझे रंग कुठे लिहिलेत?"

"मला माहीत आहेत."

"तेच म्हणतेय मी. किती रंग आहेत तुझे?"

"सहा," बाई म्हणाल्या आणि बोटांवर मोजायला लागल्या. "झोपलेली. गाढ झोपलेली. झोपल्यासारखी वाटते. गेली असावी. गेली. आणि गेली होती, पण चालायला लागली."

"मग सोपं आहे. सहा रंग, सहा शब्द. एका तासाचं काम."

"हे तर तीन ओळींत होईल," भौतिकवाला म्हणाला.

या वेळी ते खरंच झालं. तीन नाही, अकरा ओळी लागल्या, पण त्याचा प्रोग्रॅम चालला. पाऊण टेबलानंतर पडद्यावर उत्तर आलं: कोष्टकात वेगवेगळे पिवळे रंग, त्रेसष्ट.

"चूक आहे," बाई म्हणाल्या.

त्याने पुन्हा चालवला. त्रेसष्ट.

"अगं मावशी, तू रंग निवडतेस कसा?" भाचीने विचारलं. "आधीच्या चौकटीतून उचलतेस, की दर वेळी नव्याने?"

"नव्याने. ते रंगांचं वर्तुळ येतं ना, त्यात बघून बोट ठेवते. बरोबर तोच घेते."

भाची खुर्चीवर बसली. आता त्रेसष्टांपैकी कोणते पिवळे एकच समजायचे, हा प्रश्न होता. बाई सोडून आम्ही अकरा जण रांगेने पडद्यासमोर उभे राहिलो. अकरा जणांनी अकरा वाटण्या केल्या. माझी सर्वांत सुबक होती, पण त्या हिशेबाने एक गोगलगाय पाच वेळा मेली.

"मावशी, तूच सांग," भाची म्हणाली.

बाई पुढे आल्या, पडद्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे सगळे वेगळे दिसतायत," त्या म्हणाल्या. "हे मी केलेलं नाही."

जेवायच्या सुट्टीनंतर भाची बाकांमधून फिरताना मावशीपाशी थांबली. त्यांच्या संगणकाला गडद चिठ्ठी होती.

"काय अडलं?"

"काही नाही. मी ठीकचीच लावलीय."

"ही मदतीची आहे, मावशी."

बाईंनी चिठ्ठी काढून डोळ्यांपुढे धरली. दुसरीही घेतली. दोन्ही शेजारी धरल्या. सवयीने उजवा डोळा मिटलेला होता, तो उघडला. मग डावा मिटला. मग पुन्हा उजवा. सबंध वर्ग बघत होता. एखादा मनुष्य दोन चिठ्ठ्यांना इतका वेळ डोळे मारताना मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

"नव्या डोळ्याने वेगळ्या," बाई सावकाश म्हणाल्या. "जुन्याने एकच."

भाचीच्या लक्षात सगळं एकदम आलं. मोतीबिंदूच्या डोळ्याला जग मुळातच पिवळट दिसतं. पांढऱ्यालाही तो पिवळी झाक देतो आणि पिवळ्या-पिवळ्यातला बारीक फरक तर त्याला कळतच नाही. बाईंनी अकरा वर्षं त्याच डोळ्यांनी रंग भरले. त्या डोळ्यांना सहाच पिवळे दिसत होते, म्हणून सहाच होते. त्रेसष्टांचे सहा करणारी वस्तू त्या कोष्टकात नव्हती. ती बाईंच्या डाव्या डोळ्यात होती आणि बुधवारी सकाळी नऊ वाजता ती काढून टाकणार होते.

"ऑपरेशन पुढे ढकलते," बाई म्हणाल्या.

"नाही."

"महिनाभराने काय बिघडतंय?"

"तारीख पाच महिन्यांनी मिळालीय. आणि परवा तू माझ्या चहात मीठ घातलंस." भाची एवढं म्हणेपर्यंत तिचा फोन वाजला. फोन तिच्या आईचा, म्हणजे बाईंच्या थोरल्या बहिणीचा होता. या ताईंना कोणी काही सांगावं लागत नसे. बहिणीच्या मनात वेडेवाकडे विचार आले की त्या फोन करत. भाचीने फोन कानापासून वीतभर लांब धरला तरी आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"तिचं ऑपरेशन चुकलं तर तू घरी येऊ नकोस. आणि तिला पण आणू नकोस."

"हो आई."

"गोगलगायी कशा आहेत?"

"झोपल्यात."

"झोपल्यात की गेल्यात ते बघा आधी." फोन बंद झाला.

म्हणजे हातात एक दिवस होता आणि एक डोळा.

मंगळवारी सकाळी सुरुवात केली आणि लगेच अडली. वर्गातल्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर बाईंच्या जुन्या डोळ्यालाही पिवळे चार-पाच जास्तच दिसायला लागले. भौतिकवाल्याने प्रथमच उपयोगाची गोष्ट सांगितली: ज्या पडद्यावर भरले, त्याच पडद्यावर वाचायला हवेत. दिवाही तोच हवा. तो दिवा मीच अकरा वर्षांपूर्वी दिला होता, पिवळा, चाळीसचा. त्याची पावती माझ्याकडे होती.

मग वर्गच गोगलगायींच्या खोलीत गेला. खोली चार पावलं बाय पाच. बारा संशोधक, एक शिकवणारी आणि तीनशे गोगलगायी. श्वास घ्यायचा झाला तर आम्ही आळीपाळीने घेत होतो. एक गोगलगाय भौतिकवाल्याच्या डाव्या खांद्यावर सकाळी चढली, ती उजव्या खांद्यावरून उतरेपर्यंत त्याने मान हलवली नाही. तो पोरगा त्या दिवशी सुधारला.

भाचीने नियम सांगितला. प्रोग्रॅम एकेक पिवळा पडदाभर दाखवेल. मावशी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवून नाव सांगेल. भौतिकवाला लिहील. बाकीचे गप्प.

"झोपलेली," बाई म्हणाल्या. "झोपलेली. गेली. गेली असावी. गाढ झोपलेली. ही चालायला लागली होती."

त्रेसष्ट नावं एका टेबलात झाली. सगळ्यांनी सुस्कारा टाकला, म्हणजे ज्यांची पाळी होती त्यांनी. पण भाची उठली नाही.

"आता पुन्हा," ती म्हणाली. "क्रम बदलून."

"सांगितलं ना एकदा."

"तेच पुन्हा सांगता आलं, तरच ते माहीत होतं असं धरायचं. मी तुला पण तेच लावते, जे सगळ्यांना लावते."

बाईंनी तिच्याकडे असं बघितलं, जणू हिला अंगाखांद्यावर खेळवलं हे आता विसरायचं. मग तळहात पुन्हा डोळ्यावर ठेवला. मावशी-भाचीचं नातं बाजूला राहिलं. समोर पिवळा यायचा, बाई नाव सांगायच्या, भौतिकवाला लिहायचा. शेवटी त्याने दोन याद्या एकमेकींशेजारी ठेवल्या.

"बासष्ट जुळले."

"आणि एक?"

"पहिल्यांदा तुम्ही 'गाढ झोपलेली' म्हणालात. आत्ता 'गेली' म्हणालात."

तो पिवळा सबंध कोष्टकात चौदाच चौकटींत होता. एकाच गोगलगायीचे शेवटचे चौदा आठवडे. नंबर सतरा. ही बाईंच्या पहिल्या खेपेतली शेवटची उरलेली. रोज टेबलावर चालायला बाई तिलाच सोडायच्या. चौदा आठवड्यांपूर्वी तिने पापुद्रा धरला, तेव्हा तिच्या जागी दुसरी आली.

"झोपलेली लिही," बाई म्हणाल्या.

भौतिकवाल्याने भाचीकडे बघितलं.

"मावशी, तिसऱ्यांदा दाखवू?"

पडदा पिवळा झाला. बाईंनी तळहात डोळ्यावर दाबून धरला. डाव्या डोळ्याला पाणी यायला लागलं होतं, सकाळपासून तो एकटाच राबत होता. त्यांनी डबीतून सतरा नंबर काढली, कानाला लावली आणि भिंतीकडे बघितलं. खोलीत इतकी शांतता झाली की पानं खाणाऱ्यांचा आवाज यायला लागला.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"मग तेच लिहायचं?"

"कोष्टकात?"

"कोष्टकात. शब्दात."

बाईंनी सतरा नंबर परत डबीत ठेवली. मग म्हणाल्या, "लिही. सरांना कळणार नाही आता."

बुधवारी ऑपरेशन झालं. मी भेटायला गेलो तेव्हा ताई पलंगाशेजारी बसून डॉक्टरांना डोळ्यात औषध कसं घालायचं ते समजावून सांगत होत्या.

शुक्रवारी समिती आली. तिघे जण. त्यांनी कोष्टक स्वतःबरोबर आणलेल्या संगणकावर उघडलं, त्याच्यासोबतचं भाचीने लिहिलेलं एक पानही वाचलं. कुठला शब्द म्हणजे काय आणि तो कसा ठरला, हे सगळं त्यात होतं: डावा डोळा, पडदा, चाळीसचा दिवा. पावती मी जोडली होती. समितीने प्रोग्रॅम चालवला. उत्तर आलं. बाईंच्या संगणकावर चालवला. तेच उत्तर आलं. तिसऱ्या सदस्याने, त्याचा स्वभावच तसा असावा, संचालकांच्या संगणकावरही चालवायला लावला. तेच.

अध्यक्ष चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "हे चौदा 'माहीत नाही' कशामुळे?"

गोगलबाई म्हणाल्या, "माहीत नाही म्हणून."

अध्यक्षांनी मान डोलावली आणि सही केली. खोली राहिली. फ्रीझर आला तो जिन्याखाली ठेवावा लागला. दारातून तो तसाही गेला नसता, हे मी लिहूनच दिलं होतं, पण संचालकांनी मापाचा कागद वाचला नव्हता.

पुढच्या सोमवारी बाई कामावर आल्या. दोन्ही डोळे नवे. त्यांनी आधी जुनी फाईल उघडली, आठवण म्हणून. पाहिली आणि नाक मुरडलं. "इतका भडक रंग कोणी भरला हो हा?" म्हणाल्या आणि बंद केली. मग चहाचा कप घेतला, नव्या फाईलीवर बोट ठेवलं आणि सवयीने टेबलाच्या डाव्या कडेला गोगलगाय सोडली. सतरा नंबर होती ती. का निवडली, ते मी विचारलं नाही.

नव्या फाईलीत नुसते आकडे आणि शब्द. बोट उचलायच्या आत ती उघडली.

बाई जरा दुखावल्यासारख्या पडद्याकडे बघत राहिल्या. चहा अजून गरम होता. सतरा नंबर होती तिथेच होती, शिंगं आत, पापुद्रा जागेवर. बाईंनी तिला उचलून कानाला लावलं. ठेवलं. नव्या आठवड्याच्या रकान्यात 'माहीत नाही' लिहिलं आणि खुर्ची ओढून टेबलाच्या उजव्या कडेला जाऊन बसल्या.

"काम नाही का बाई आज?" मी विचारलं.

"आहे ना," त्या म्हणाल्या. "एक टेबल थांबते."